पिवळी नस

कानाच्या हाडात पिवळं काही नसतं. मळ पिवळा असतो, पण तो बाहेरच्या नळीत, आणि तो काढायला कुणी ड्रिल घेत नाही. हे मी आमच्या विभागाच्या बैठकीत आधी शांतपणे म्हटलं, मग मोठ्याने म्हटलं, आणि शेवटी टेबलावर हात आपटून म्हटलं. हात आपटल्यावर साहेबांच्या कपातला चहा त्यांच्या कागदांवर सांडला. लोकांच्या लक्षात राहिला तो चहा.

साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. मी त्यांच्या हाताखालची, कानाच्या शस्त्रक्रिया करणारी आणि शिकवणारी. विद्यार्थी माझ्यामागे मला मिरची म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही. ज्यांच्या नाकाला झोंबायची त्यांच्या झोंबते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. नकली हाडं आणा म्हणून वर्षानुवर्षं डोकं खाणारी मीच होते. कानामागचं हाड कोरून आत शिरायचं, ही विद्या पूर्वी देहदान केलेल्यांच्या हाडांवर शिकवली जायची. ती हाडं येणं कमी कमी होत गेलं. जी उरली होती ती इतक्या हातांखालून गेली होती की त्यांत हाड थोडं आणि भोकं फार. मग नवीन मुलं शिकणार कुठे? जिवंत माणसावर. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे चालतं? शिकाऊ शिंप्यालासुद्धा आधी चिंध्यांवर कात्री चालवायला देतात, गिऱ्हाइकाच्या कापडावर नाही. म्हणून खऱ्या रुग्णाच्या स्कॅनवरून हुबेहूब छापलेली प्लास्टिकची हाडं येणार असं ठरलं, तेव्हा माझ्याइतका आनंद कुणालाच झाला नव्हता.

आली ती रंगवून आली. मोठी शीर निळी, मेंदूचं आवरण लाल, आणि चेहऱ्याची नस पिवळीधमक.

ही नस म्हणजे आमच्या सगळ्यांच्या जिवाचा घोर. कानाच्या आतून, हाडातल्या अरुंद बोगद्यातून ती जाते आणि अर्धा चेहरा चालवते. डोळा मिटणं, हसणं, ओठ हलवणं, सगळं तिच्यावर. ड्रिल तिच्यातून गेलं की तो अर्धा चेहरा उतरला, आणि बहुतेक वेळा जन्माचा उतरला. आणि ती काही पाटी लावून बसलेली नसते. ती आजूबाजूच्या हाडात मिसळलेली असते. फार तर हाड पातळ झाल्यावर आतून किंचित गुलाबी झाक येते, अंगावरून केसाएवढी रक्तवाहिनी धावताना दिसते. तिला ओळखायचं ते शेजाऱ्यांवरून. ऐरणीचं हाड कुठे आहे, तोल सांभाळणारी कमान कुठे आहे, ड्रिलचा आवाज कुठे बारीक झाला, यावरून.

"अहो मॅडम, रंग असले की मुलांना सोपं जातं," साहेब म्हणाले होते.

"सोपं? रोग्याच्या कानात आधी कुणी रंगकाम करून ठेवतं का?"

"आणि पाहुण्यांनाही चटकन कळतं."

हे खरं कारण होतं. पाहुण्यांना कळतं! शिवाय वर एक कॅमेरा बसवलेला, आणि त्या बिचाऱ्याला रंगाखेरीज काही समजत नाही. पिवळ्याला ओरखडा गेला की तो गुण कापतो. म्हणजे रंग पाहुण्यांसाठी आणि कॅमेऱ्यासाठी. शिकणाऱ्याचा विचार त्यात कुठे होता, ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

त्या हाडांसाठी काचेची खोली बांधली, वर झगझगीत दिवे लावले. पूर्वी माझी एक पद्धत होती, बोलत कोरायचं. ड्रिल चालू असेपर्यंत काय दिसतंय ते मोठ्याने सांगत राहायचं, आणि बोलणं थांबलं की हातही थांबला पाहिजे. जे तुम्हाला सांगता येत नाही ते तुम्हाला दिसत नाही, इतकं साधं आहे ते. पण काचेच्या खोलीत म्हणे त्याने गोंगाट होतो. माझी पद्धत बंद झाली आणि पडद्यावर गुण येऊ लागले. कानामागून आली आणि तिखट झाली ती ही खोली, आणि मिरची मात्र मी.

आमच्या शिकाऊ डॉक्टरांपैकी एका मुलीला तिथे शंभरपैकी शंभर पडले. तेव्हापासून सगळे तिला शंभरनंबरी म्हणायला लागले. मुलगी चांगली होती, हात हलका होता, उद्धटपणा नव्हता. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता, हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे मी तिला बरंच फाडून खाल्लं.

आता ताई. माझी मोठी बहीण, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका. तिचा एक कान वर्षभर वाहत होता, आणि कानाच्या डॉक्टरची बहीण म्हणून तिने तो माझ्यापासून लपवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. स्कॅन केला तर आत कातडीची गाठ, वाढत जाणारी, हाड कुरतडणारी. कुरतडत कुरतडत ती नसेच्या बोगद्यापाशी पोहोचली होती. शस्त्रक्रियेला पर्याय नव्हता आणि फार थांबण्यातही अर्थ नव्हता.

आपल्या माणसावर आपण हात चालवायचा नाही, हा आमच्यातला नियम. माया हाताला कापरं भरवते. म्हणून मी ताईला साहेबांकडे नेलं. ते तिच्यासमोर बसून माझ्याशी बोलत राहिले. "केस इंटरेस्टिंग आहे," म्हणाले. केस समोर पर्स मांडीवर घेऊन बसली होती! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने त्यांच्या नकळत, आवाज न करता नुसते ओठ हलवले. 'भांडू नकोस.' लहानपणापासून ती हेच करत आलीय. आई-बाबांच्या पाठीमागे उभी राहून, मास्तरांच्या पाठीमागे उभी राहून, नुसत्या ओठांनी. मी गप्प बसले. "ताईंना माझ्यावर सोपवा, मी स्वतः करतो," साहेब म्हणाले आणि मी त्यांचे आभार मानले.

शस्त्रक्रिया सोमवारी होती. त्याआधीच्या आठवड्यात शंभरनंबरी कॉरिडॉरमध्ये मला जवळजवळ धडकलीच.

"मॅडम, मला माझी पहिली केस मिळाली! सोमवारची. सर म्हणाले सगळं मीच करायचं, आणि खाली सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत."

"सोमवारची कुठली?"

तिने सांगितलं. ती ताईचीच होती. ताई माझी कोण, ते तिला माहीत नव्हतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचा आनंद मावळला.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी दार न वाजवता साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"तुम्ही स्वतः करणार होतात."

"मी शेजारी उभा असणार ना. बसा आधी."

"बसायला आले नाही. ताईला विचारलंत?"

"मॅडम, हे शिकवणारं रुग्णालय आहे. इथे दाखल होणाऱ्याला ते माहीत असतंच. पाहणी समिती येतेय, ही हाडं छापणाऱ्या कंपनीचे लोक येतायत. हाडांच्या मॉडेलवर शिकून थेट शस्त्रक्रिया, आपल्याकडे पहिल्यांदा! आणि तिला शंभर गुण आहेत हो."

"शंभर गुण प्लास्टिकला मिळालेत."

"तुमची बहीण आहे म्हणून तुम्ही भावनिक होताय."

भावनिक! माझी बहीण नसती, कुणा अनोळखी बाईचा चेहरा असता, तर ते शास्त्र झालं असतं. मी विचारलं, "साहेब, तुम्ही स्वतः ड्रिल हातात कधी धरलं होतंत शेवटचं?" त्यांनी फोन उचलून कुणाला तरी हार-तुऱ्यांचं विचारायला सुरुवात केली.

मी तशीच काचेच्या खोलीत गेले. काहीतरी फोडावंसं वाटत होतं, आणि तिथे फोडण्यासारखं पुष्कळ होतं. कोपऱ्यात एक खोकं पडलेलं दिसलं, कंपनीला परत पाठवायचं म्हणून बाजूला काढलेलं. उघडून पाहिलं. आत तीच हाडं, पण छापताना रंग उतरलाच नव्हता. नस, शीर, हाड, सगळं एकाच मळकट पांढऱ्या रंगाचं. बिघडलेले नग! त्या अख्ख्या खोलीत खरं म्हणावं असं तेवढंच होतं.

मी शंभरनंबरीला बोलावलं, एक नग शिकंज्यात बसवला, सूक्ष्मदर्शक तिच्या डोळ्यांसमोर आणला. "कर."

"मॅडम, बोलत करू?"

"नको. इथे रोज करतेस तसं कर."

ती सफाईने कोरत गेली. पाण्याची धार, ड्रिलची घरघर, प्लास्टिकचा करपट वास. बाहेरचा भाग तिने खरोखर सुरेख उघडला. मग आत गेली. ऐरण दिसली तरी ती थांबली नाही. कमान दिसली तरी थांबली नाही. आवाज बारीक झाला. मी दात आवळून उभी होते. आवाज पुन्हा जाड झाला तेव्हा मी पायाने ड्रिलचं बटण बंद केलं.

"नस कुठेय?"

"अजून आली नाही, मॅडम."

"कशावरून?"

"अजून पिवळं दिसलं नाही."

ती नस पार कापून पलीकडे गेली होती. मी चिमट्याने तिला कापलेली दोन्ही टोकं दाखवली. मग मी बोलले, आणि जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती रडली. तिची चूक नव्हती, तिला पिवळ्यापाशी थांबायला शिकवलं होतं आणि ती पिवळ्यापाशी इमानदारीने थांबत होती. हे कळूनही मी बोलत राहिले, कारण ज्यांना हे ऐकवायचं ते हार-तुऱ्यांची ऑर्डर देत होते.

तिथून मी थेट ताईच्या शाळेत गेले. वर्ग चालू होता. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती, उजेड चेहऱ्यावर पडावा म्हणून. समोर अर्धगोलात मुलं. एक मुलगी ताईच्या गळ्यावर तळवा ठेवून उभी, आणि बाकी सगळ्यांची नजर ताईच्या तोंडावर खिळलेली. ताईने ओठ मिटून उघडले, 'प'. मग ओठांचा चंबू करून, 'ऊ'. मुलांनी केलं. एकाचं चुकलं, ताईने भुवया उंचावल्या, त्याने सुधारलं. त्या वर्गात फळा होता, पण फळ्याकडे कुणी बघत नव्हतं. शिकवणं सगळं त्या चेहऱ्यावर चाललं होतं. तो अर्धा लुळा पडला असता तर मुलांनी काय वाचायचं?

मधल्या सुट्टीत मी तिला सगळं सांगितलं. "आजच्या आज तुला दुसरीकडे हलवते. माझी मैत्रीण करील, चांगली आहे."

ताईने टेबलावरचे खडू पुढे ओढले. तिला राग आला की ती खडूचे तुकडे एका रांगेत लावते. तेच चाललं होतं.

"मला विचारायला तोंड नव्हतं का त्यांना?" ती शेवटी म्हणाली. "मी समोरच बसले होते की."

"म्हणूनच म्हणते, चल."

"मी गेले की त्या टेबलावर कोण येईल?"

"कोणीतरी येईल."

"म्हणजे जिची बहीण तिथे नाही अशी कुणीतरी." तिने खडू हातात गोळा केले. "त्या मुलीला घेऊन ये माझ्याकडे. मग ठरवू."

"ताई, वेडेपणा करू नकोस!"

"ओरडू नकोस, मुलं बघतायत. ऐकू येत नसलं तरी तुझं ओरडणं त्यांना लांबून कळतं."

दुसऱ्या दिवशी शंभरनंबरीला घेऊन गेले. ताईने तिला आधी वर्गात मुलांमागे बसवलं. तास संपल्यावर तिला समोर घेतलं आणि विचारलं, "तू माझ्या कानात काय करणार आहेस, सांग."

मला वाटलं, पोपटासारखी बोलेल. पण ती मान खाली घालून म्हणाली, "ताई, काल मॉडेलमध्ये मी नस कापली. मला ती ओळखता आली नाही."

"वर बघून सांग. मान खाली घातली की मला तुझं तोंड दिसत नाही."

तिने वर बघून पुन्हा सांगितलं. मला ते ऐकवेना.

"मग शीक," ताई म्हणाली. "ही शिकवील. तोंडाने आग ओकते, पण शिकवते चांगलं. रविवारी हिने मला सांगायचं, तुला जमतंय की नाही. नाही म्हणाली तर मी येणार नाही. हो म्हणाली तर येईन, पण बोलत करायचं, आणि कळेनासं झालं की हात उचलायचा. कुणीही काहीही सांगो. कबूल?"

"कबूल."

"आणि तू त्या खोलीत उभी राहायचीस," ताई मला म्हणाली. "हात मागे बांधून."

त्यानंतर आम्ही दोघी त्या बिघडलेल्या खोक्यापाशी ठाण मांडून बसलो. ती कोरायची आणि बोलायची, मी ऐकायचे आणि ओरडायचे. "काय दिसतंय?" "पांढरं." "पांढरं तर सगळंच आहे, नीट सांग!" हळूहळू तिचं सांगणं बदललं. पांढऱ्यात तिला चकाकणारं पांढरं आणि मंद पांढरं वेगळं दिसू लागलं. ड्रिलचा आवाज बदलला की माझ्याआधी तिचा पाय बटणावरून निघायला लागला. कंपनीने टाकाऊ म्हणून टाकलेल्या त्या हाडांनी जे शिकवलं ते त्या झगझगीत हाडांना कधीच जमलं नसतं. रविवारी मी ताईला हो म्हटलं. माझी भीती गेली नव्हती, आणि तेही मी ताईला सांगितलं.

सोमवारी सभागृह भरलं होतं. ताईला भूल दिली. कापडं टाकली, फक्त कान उघडा आणि चेहऱ्यावर पारदर्शक पडदा, म्हणजे ओठ आणि डोळा दिसत राहावा. साहेब गाऊन घालून उभे राहिले, कॉलरला माइक, पाहुण्यांना समजावून सांगायला. त्यांची नजर भिंतीवरच्या पडद्यावर होती. मी कोपऱ्यात, हात मागे.

शंभरनंबरी बोलायला लागली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पाहुणे ऐकत असल्यामुळे गप्प राहिले. "हाडाचं बाहेरचं कवच... पोकळ्या दिसतायत... आता ऐरण, अर्धी कुरतडलेली... ही कमान, चकाकतेय." मग गाठ लागली, मोत्यासारखी पांढरी. तिने ती पापुद्र्यापापुद्र्याने सोडवायला घेतली. आणि कमानीच्या खाली तिचं बोलणं थांबलं. हातही थांबला.

"काय झालं? पुढे घे," साहेब म्हणाले.

"इथे मऊ, गुलाबीसर काहीतरी आहे. वर हाड नाही."

"सुजलेली कातडी आहे ती, गाठीचाच भाग. खरवडून काढ."

"सर, मला नस वाटतेय."

"नस अजून खोल आहे. पिवळं कुठे दिसलंय अजून?"

हे माणूस माझ्या बहिणीच्या उघड्या कानावर उभं राहून बोललं. मुलांसाठी आणलेल्या खेळण्याने मुलांच्या आधी त्यालाच खाल्लं होतं. माझे हात पाठीमागे एकमेकांत रुतले. मी पुढे पाऊल टाकलंच होतं.

"सर, पिवळं फक्त प्लास्टिकमध्ये असतं," शंभरनंबरी म्हणाली. माइक चालू होता. "मी हात उचललाय. मला विजेची सुई हवी, नस असेल तर ओठ उडेल."

सिस्टरने सुई दिली. तिने ती त्या गुलाबी गोष्टीला अलगद टेकवली. पारदर्शक पडद्याखाली ताईच्या ओठाचा कोपरा टचकन उडाला. तिने पुन्हा टेकवली, पुन्हा उडाला. नसच होती. गाठीने बोगदा खाऊन टाकलेला, उघडी पडलेली, सुजलेली, आणि साहेब तिला खरवडून काढायला सांगत होते.

साहेब घसा साफ करत म्हणाले की पाहुण्यांच्या शंका असतील, आपण खाली जाऊन येतो, आणि गाऊन काढून खरोखरच गेले. उरलेली गाठ त्या मुलीने नसेवरून हळूहळू सोलून काढली. मी कोपऱ्यातून विचारत राहिले, ती सांगत राहिली.

काम संपल्यावर मी सभागृहाच्या दारात जाऊन उभी राहिले. साहेबांच्या गळ्यात हार होता. "पाहिलंत," ते सांगत होते, "ऐनवेळी नस कशी ओळखली! शंभर गुणांची किमया ती हीच." टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबालाही इतकी घाई नसते. कंपनीच्या माणसाने उठून जाहीर केलं की पुढच्या खेपेला पिवळा रंग आणखी ठळक करू, अंधारातही चमकेल असा. त्यालाही टाळ्या पडल्या. आणि ते बिघडलेलं खोकं, आमच्या हातून जेवढं उरलं होतं तेवढं, त्याच संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होतं.

मी तिथे काही बोलले नाही. ताई शुद्धीवर येत होती, मला तिच्यापाशी जायचं होतं.

तिच्या डोक्याला मोठी पट्टी होती. शंभरनंबरी पलंगाच्या दांडीला धरून उभी होती.

"ताई," मी म्हटलं, "डोळे घट्ट मिट."

तिने मिटले. दोन्ही मिटले.

"दात दाखव."

दोन्हीकडून सारखे दिसले. शंभरनंबरीने तोंड दुसरीकडे फिरवलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं की कसलं ते मी त्या वेळी तपासलं नाही. मी ताईला हार सांगितला, टाळ्या सांगितल्या, अंधारात चमकणारा पिवळा रंग सांगितला, परत चाललेलं खोकं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढत गेला, आणि मी सवयीने थांबले, तिच्या ओठांकडे बघत. आता ती म्हणणार, भांडू नकोस.

ताईचा घसा नळीमुळे बसला होता, आवाज फुटत नव्हता. वर्गात करते तसे तिने ओठ मिटले, सावकाश उघडले, दोन्ही बाजूंनी स्पष्ट, एकही अक्षर न गाळता.

'जा. भांड.'